पासष्टचा खड्डा

चेलोची चौथी तार गेली कुठं?
वरच्या तिघी येतात, दारातून, बूट पुसून.
चौथी, ती जाड,
गालिच्याखालून सरपटत कुठंतरी जाते
आणि माझ्या खुर्चीपाशी पोचत नाही.

लिएपायात नोव्हेंबर म्हणजे नुसता वारा.
मी बंदरावरच्या क्रेनची वीज सांभाळली चौतीस वर्षं,
पाणी कुठं मुरतंय ते हुडकायची खोड हाताला आहे.
आधी वायर तपासल्या. लाल लालला, काळी काळीला.
मग डावा स्पीकर उजवीकडे, उजवा डावीकडे,
रिगाच्या कारखान्यातले, एकेक तेवीस किलोचा.
कमरेनं दखल घेतली. खड्ड्यानं नाही.

मग भिंतीवर अंड्यांचे ट्रे ठोकले.
स्काइद्रीते बाकावरून म्हणाली,
"कोंबड्या कधी येणार, इमान्त्स?"

शेवटी वरच्या मजल्यावरचा उल्विस आला,
बोटाएवढा मायक्रोफोन घेऊन.
खुर्चीत, माझ्या डोक्याच्या जागी, त्यानं तो उभा केला
(मला माझं डोकं इतकं बारीक कधी दिसलं नव्हतं)
आणि यंत्रानं एक लांब हुंकार सोडला, तळापासून वर:
आधी पोटात गुरगुर,
मग कपाटातल्या बश्या,
मग खिडकीची ती एकच सैल काच,
मग माणसाचा आवाज, मग किटलीचा, मग डासाचा.
मांजर केव्हाच निघून गेलं होतं.
"झालं ना?" मी विचारलं.
उल्विसनं बोट वर केलं.
तो अजून ऐकत होता.

त्याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

कागदावर रेघ बरी चालली होती, थोडी लंगडत,
पासष्ट हर्ट्झला मात्र एकदम खाली,
गोदीच्या कडेवरून पाय घसरावा तशी.
अठरा डेसिबल.
उल्विसनं टेप काढली. कान ते मागची भिंत,
एक मीटर तीस.
म्हणाला, लाट तुमच्यावरून पुढं जाते,
भिंतीला थडकून परत येते
आणि इथं, बरोबर इथं, मागून येणारीला गाठते.
ही ढकलते, ती ओढते. बेरीज शून्य.
म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली,
ती अशी, अक्षरशः.

ही जागा मी एक्याण्णव साली काढली होती,
दोरा ताणून. दोन स्पीकर आणि मी,
तिन्ही बाजू सारख्या, बोटभराचाही फरक नाही.
खुर्चीचे चारी पाय गालिच्यात रुतलेत,
खाली आता लाकडालाही वळ असतील.
इतक्या नेमकेपणानं मी खड्ड्यात बसलो.

"भिंतीशी बघू या," उल्विस म्हणाला.
भिंतीशी बाक. बाकावर स्काइद्रीते, तिचे हातमोजे,
सुया, लोकरीची पिशवी. ती जरा सरकली,
मायक्रोफोन तिच्या खांद्याशी.
हुंकार.
पासष्टला रेघ खाली गेलीच नाही,
उलट किंचित फुगली, पोळीसारखी.

"तुला ती जाड तार ऐकू येते?"
"येते की. पाठीत येते."
"कधीपासून?"
"बाक आहे तेव्हापासून."
"आणि बोलली नाहीस?"
"मला वाटलं, तुला आवडते म्हणून इतकी मोठी लावतोस.
मी टाके मोजते, माझा हिशेब चुकतो."

खुर्ची हलवायला दोन माणसं लागतात
आणि उल्विसची बस होती.
आज मी बाकावर बसलो.
बाक अरुंद आहे, तिचं कोपर माझ्या बरगडीत येतं.
भिंत गार. सुया टकटकतात, त्या वरच्या पट्टीत,
तेवढं अजून मला ऐकू येतं.
मग चौथी तार आली. आधी पाठीच्या कण्यात,
नंतर कानात.

मधोमध, त्रिकोणाच्या टोकावर,
माझ्या खुर्चीत लोकरीचा गुंडा बसलाय, राखाडी.
तो काय ऐकत असेल ते मला माहीत आहे.
"हलू नकोस," ती म्हणाली, "त्रेचाळीस."